फुटलेल्या आवाजाचे सवाई गंधर्व

डिसेंबर जवळ आला की गाणं ऐकणाऱ्या माणसांच्या तोंडी एकच शब्द असतो, 'सवाई'. पुण्याच्या त्या महोत्सवाला कोण जाणार, कोणाची तिकिटं निघाली, यंदा कोण कोण गाणार, याच्या चर्चा बेळगाव-धारवाडकडेही रंगतात. पण ज्यांच्या नावाने हा महोत्सव चालतो ते सवाई गंधर्व नेमके कोण, असं विचारलं तर आपल्यातले बरेच जण डोकं खाजवतात. काहींना तर सवाई गंधर्व आणि बालगंधर्व ही एकाच माणसाची दोन नावं वाटतात. म्हणून आपल्या मंडळाच्या या अंकासाठी मी त्यांचं चरित्र निवडलं.

आणखी एक कारण आहे. मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. या सत्रात आम्हाला स्वरयंत्र शिकायला होतं. पुस्तकातली ती आकृती काढता काढता माझ्या लक्षात आलं, की एका माणसाच्या आयुष्यात या दोन इंचांच्या अवयवाने काय काय घडवलं आणि काय काय हिरावून घेतलं, हे समजून घ्यायचं असेल तर रामभाऊ कुंदगोळकरांसारखं उदाहरण नाही. सवाई गंधर्वांचं खरं नाव तेच.

माझं गाव कुळगी, जोयडा तालुक्यातलं. दांडेलीहून अंबिकानगरच्या वाटेवर जंगलात लपलेलं. आमच्याकडून दांडेली, हळियाळ, धारवाड, हुबळी असं करत गेलं की सुमारे शंभर किलोमीटरवर कुंदगोळ लागतं. आमच्याकडे दाट जंगल, तिकडे काळ्या मातीचा सपाट मुलूख. हे कुंदगोळ त्या काळी जमखंडीच्या पटवर्धन संस्थानात होतं. घरात कानडी, दरबारी कारभारात मराठी, असा तो भाग. तिथल्या सौंशी घराण्यात 19 जानेवारी 1886 रोजी रामचंद्राचा जन्म झाला. वडील गणेशराव हे कुंदगोळच्या नाडगीर या वतनदार घराण्याकडे कारकून होते. म्हणजे घरात फार पैसा नाही, पण नाडगिरांच्या वाड्यात गाण्याच्या बैठकी होत आणि त्या कानावर पडत.

शाळेत रामभाऊंचं मन रमलं नाही. वडिलांनी पोराला हुबळीच्या लॅमिंग्टन हायस्कुलात घातलं, पण पोराचा ओढा सगळा गाण्याकडे. मग वडिलांनीच त्याला बळवंतराव कोल्हटकरांकडे गाणं शिकायला पाठवलं. त्यांच्याकडे रामभाऊंनी धृपदं, तराणे आणि तालाचं शिक्षण घेतलं. 1898 मध्ये कोल्हटकर वारले. शाळाही सुटली. मुलगा बारा वर्षांचा, गुरू नाही, शाळा नाही, आणि गळा मात्र गोड.

इथे थोडं थांबून तो गळा म्हणजे काय ते सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

आपल्या मानेच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेच्या तोंडाशी, स्वरयंत्र बसलेलं असतं. नऊ लहानमोठ्या कूर्चा, त्यांना जोडणारे स्नायू आणि आत दोन बाजूंना दोन मऊ घड्या. त्यांनाच आपण स्वरतंतू म्हणतो. तंतू हा शब्द ऐकून सतारीच्या तारा डोळ्यांपुढे येतात, पण त्या तारा नव्हेत, ओठांसारख्या दोन कडा आहेत. श्वास घेताना त्या उघडतात. बोलताना, गाताना जवळ येतात आणि फुप्फुसातून वर येणारी हवा त्यांना थरथरवते. पुरुषाच्या साध्या बोलण्यात हे कंपन सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा होतं, स्त्रीच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास. तंतू ताणून पातळ केले की सूर चढतो, सैल सोडले की उतरतो. तिथे जो निघतो तो नुसता गुंजारव. त्याला घसा, तोंड आणि नाकाच्या पोकळीत गोलाई येते आणि जीभ-ओठांनी त्याचे शब्द होतात.

गंमत म्हणजे निसर्गाने हा अवयव गाण्यासाठी घडवलेलाच नाही. त्याचं पहिलं काम राखणदाराचं. आपण घास गिळतो तेव्हा स्वरयंत्र वर उचललं जातं, वरचं झाकण मिटतं, तंतू घट्ट जुळतात आणि घास अन्ननलिकेत जातो. चुकून एखादं शीत आत गेलंच तर ठसका लागतो, तोही याच राखणदाराचा धक्का. डोक्यावर लाकडाची मोळी घेताना आपण श्वास कोंडून धरतो ना, तो कोंडणाराही हाच. आधी जीव वाचवायचा, मग बोलायचं, आणि सर्वांत शेवटी गायचं, असा त्याचा क्रम आहे. आमच्या कुळगीच्या रानात भेकर ओरडतं ते याच यंत्रातून. पण वर झाडावर धनेश ओरडतो त्याचा कारखाना वेगळा. पक्ष्यांचा आवाज श्वासनलिकेच्या खालच्या टोकाला, जिथे तिचे दोन फाटे होतात तिथे तयार होतो.

आता रामभाऊंकडे वळू. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ म्हैसूर दरबारात गायला जात आणि जाता-येता धारवाडच्या भागात मुक्काम करत. कुंदगोळला नाडगिरांच्या वाड्यातही त्यांचं येणं होई. त्यांचं गाणं रामभाऊंनी ऐकलं आणि शिकायचं तर यांच्याकडेच, असं मनाने घेतलं. खाँसाहेब तयार झाले, पण अट घातली, की आठ वर्षं आपल्याजवळ राहून शिकावं लागेल. घरच्यांनी मान्य केलं आणि हा कानडी कारकुनाचा मुलगा उत्तरेतल्या कैराना गावच्या उस्तादाच्या घरी राहू लागला.

आणि याच वयात त्यांचा आवाज फुटला.

मुलग्यांच्या बाबतीत हे होतंच. वयात येताना शरीरातल्या संप्रेरकामुळे स्वरयंत्र झपाट्याने वाढतं, पुढे कंठमणी दिसायला लागतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. आवाज साधारण एक सप्तक खाली येतो. मुलींचंही स्वरयंत्र वाढतं, पण थोडंच, म्हणून आमचा बदल फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. मुलग्यांच्या मेंदूला मात्र जुन्या मापाची सवय असते आणि यंत्र नवं झालेलं असतं. त्यामुळे बोलता बोलता आवाज मध्येच किंचाळतो, मध्येच घोगरा होतो. बहुतेकांचं सहा महिने-वर्षभरात जागेवर बसतं. युरोपातल्या चर्चमध्ये उंच स्वरात गाणारी मुलं या वयात त्या ओळीतून बाहेर पडतात आणि पुढे खालच्या स्वरांच्या पुरुषांमध्ये जाऊन उभी राहतात. आपल्या कॉलेजच्या नाताळच्या गायनवृंदातही बारावीपर्यंत वर गाणारा मुलगा पुढे खालच्या ओळीत गेलेला आपण पाहिलाय.

रामभाऊंचा आवाज बसला तो चांगला बसला नाही. गोडवा गेला. आवाज जड आणि हट्टी झाला, सहजासहजी वळेना. ज्या गुरूचा स्वतःचा आवाज रेशमासारखा तलम, त्याच्यापुढे असा गळा घेऊन बसायचं म्हणजे काय झालं असेल, विचार करा. खाँसाहेबांनी शिष्याला घरी धाडून दिलं नाही आणि शिष्यानेही तंबोरा खाली ठेवला नाही. मेहनत सुरू झाली. खालच्या सप्तकात तासन्‌तास एकेक स्वर धरून बसायचं, मग हळूहळू वर सरकायचं. एकच पलटा दिवसेंदिवस घासायचा.

या मेहनतीने शरीरात काय होतं, हे विज्ञानाच्या बाजूने बघितलं तर मला फार विशेष वाटतं. स्वरतंतूंची लांबी सरावाने बदलत नाही. ती जी मिळाली ती मिळाली. बदलतो तो त्यांच्यावरचा ताबा. श्वास किती सोडायचा, कुठला स्नायू किती आवळायचा, हे मेंदू पुन्हा पुन्हा करून शिकतो. म्हणजे रामभाऊंनी आठ वर्षं नवा गळा कमावला असं आपण म्हणतो, पण गळा तोच होता. कमावला तो गळ्यावरचा हात.

माझा धाकटा भाऊ नववीत आहे. गावच्या देवळात भजनाला तोच पुढे असायचा. गेल्या वर्षी त्याचा आवाज फुटला, दोन पोरं हसली, आणि तेव्हापासून तो झांजेलाही हात लावत नाही. घरी मी त्याला रामभाऊंची ही गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि बाहेर खेळायला निघून गेला. तो पुन्हा गाईल की नाही मला माहीत नाही. पण हे वाचणाऱ्यांत असे भाऊ असलेल्या ताया-दादा असतील, म्हणून मुद्दाम लिहिते. फुटलेला आवाज म्हणजे संपलेला आवाज नव्हे.

शिक्षण पूर्ण झाल्यावर रामभाऊ मराठी नाटकांकडे वळले. खाँसाहेबांना ते रुचलं नाही. पण तो संगीत नाटकांचा बहराचा काळ होता आणि गाणाऱ्याचं पोट भरण्याची ती मोठी जागा होती. बायका रंगभूमीवर नव्हत्या, त्यामुळे स्त्रीभूमिका पुरुषच करत. रामभाऊही स्त्रीभूमिका करू लागले. 'सौभद्र' नाटकातली त्यांची सुभद्रा फार गाजली. हे जरा डोळ्यांपुढे आणा. घरात कानडी बोलणारा, फुटलेल्या आवाजाचा तरुण, नऊवारी नेसून मराठी प्रेक्षकांपुढे मराठी पदं गातोय. आवाजही परका आणि भाषाही शिकून घेतलेली. तरी प्रेक्षक त्याला वन्समोअर देतायत.

जोयड्याकडून इथे आलेल्या आम्हा मुलांना यातलं भाषेचं दुखणं चांगलं कळतं. आमच्या बोलण्यात मराठी, कोकणी आणि कानडी यांची मिसळ असते. पहिल्या वर्षी वर्गात तोंड उघडायची भीती वाटते, कारण एखादा कानडी हेल निघाला की मागच्या बाकावर खसखस पिकते. स्वरयंत्र ठणठणीत असूनही आवाज बंद पडतो तो असा. रामभाऊंच्या काळी त्यांना कोणी हसलं होतं का, ते ठाऊक नाही. पण ते बोलायचे थांबले नाहीत, एवढं नक्की.

अमरावतीला त्यांचं 'सौभद्र' पाहून दादासाहेब खापर्ड्यांनी त्यांना 'सवाई गंधर्व' ही पदवी दिली. बालगंधर्व हे नाव तेव्हा सगळीकडे दुमदुमत होतं. सवाई म्हणजे सव्वापट. तुलनेत कोण वर आणि कोण खाली हा वाद आपण करायला नको. पण ज्याचा गळा हट्टी म्हणून ओळखला जायचा त्याच्या नावापुढे हा शब्द लागला, ही मेहनतीची पावती म्हणायची.

पुढे नाटक सोडून रामभाऊ पूर्णपणे मैफलीच्या गाण्याकडे आले. त्यांच्या मैफलीची एक खूण जुने जाणकार आवर्जून सांगतात. सुरुवातीला आवाज साथ द्यायचा नाही. पहिला काही वेळ ते जणू स्वतःच्या गळ्याशी झगडत असायचे. मग हळूहळू गळा तापायचा, मोकळा व्हायचा, आणि एकदा का लागला की मग बैठक हलायची नाही. आज त्यांच्या ज्या ध्वनिमुद्रिका मिळतात त्या जुन्या 78 च्या तबकड्या. तिच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांचंच गाणं मावायचं. ज्या गायकाचा गळा लागायलाच वेळ हवा, त्याला तीन मिनिटांत कसं तोलणार? म्हणून त्या तबकड्या ऐकताना एवढं ध्यानात ठेवायला हवं.

जगाच्या दुसऱ्या टोकाला असाच एक माणूस होऊन गेला, त्याची आठवण इथे होते. मान्युएल गार्सिया हा स्पॅनिश गायक. तरुणपणीच गाण्याच्या ताणाने त्याचा आवाज बिघडला आणि त्याने रंगमंच सोडून गाणं शिकवायला घेतलं. आवाज येतो तरी कुठून, या ध्यासापायी 1854 मध्ये त्याने दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचे हलते स्वरतंतू स्वतः पाहिले. आज घशाचे डॉक्टर जी तपासणी करतात तिचं मूळ त्या आरशात आहे. म्हणजे वैद्यकाला ही वाट दाखवली ती आवाज गमावलेल्या एका गाण्याच्या मास्तराने.

रामभाऊही मास्तर झाले, आणि फार मोठे झाले. 1936 मध्ये गदगचा एक मुलगा, गाण्यासाठी घर सोडून देशभर भटकून, कुंदगोळला त्यांच्या दारात आला. तो भीमसेन जोशी. आधी बरेच दिवस पाणी भरणं, घरकाम, आणि मग तालीम. तीही मुख्यतः तीन रागांची. सकाळी तोडी, दुपारी मुलतानी, संध्याकाळी पुरिया. हुबळीहून गंगूबाई हनगल रेल्वेने कुंदगोळला यायच्या, शिकायच्या आणि रात्रीच्या गाडीने परतायच्या. फिरोज दस्तूर आणि बसवराज राजगुरू हेही त्यांचेच शिष्य. एकाच गुरूचे हे चार शिष्य, पण आवाज चार तऱ्हांचे. गुरूने आपला गळा कोणावर लादला नाही, हे यावरून दिसतं.

गंगूबाईंची गोष्ट तर स्वरयंत्राच्या धड्यातच घालावी अशी. सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांत त्यांचा आवाज बारीक आणि उंच आहे. पुढे टॉन्सिलच्या दुखण्यावर उपचार झाले आणि आवाज खाली उतरला, भारदस्त झाला, इतका की नुसतं ऐकणाऱ्याला पुरुष गातोय असं वाटावं. दुसऱ्या कोणी गाणं सोडलं असतं. गंगूबाईंनी तोच आवाज घेऊन पुढे साठ वर्षं मैफली गाजवल्या. ज्या गुरूने स्वतः बिघडलेल्या गळ्यातून वाट काढली होती, त्याची तालीम त्यांच्या पाठीशी होती. त्याचा उपयोग झालाच असणार, असं मला वाटतं.

1942 च्या सुमाराला, वयाच्या पंचावन्न-छप्पनाव्या वर्षी, रामभाऊंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचं मैफलीतलं गाणं थांबलं.

इथे पुन्हा थोडं शास्त्र सांगते. अर्धांगवायूत घशाला काही झालेलं नसतं, बिघाड मेंदूत असतो. स्वरयंत्राला हुकूम नेणाऱ्या नसा मेंदूच्या तळातून निघतात. त्यातल्या डाव्या नसेचा रस्ता तर फार लांबचा. ती मानेतून सरळ छातीत उतरते, हृदयाजवळच्या महाधमनीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर येऊन स्वरयंत्राला पोचते. हुकूम देणारी जागाच दुखावली की खालचं यंत्र शाबूत असूनही बोलणं जड होतं, श्वासावरचा ताबा जातो, कधी साधं पाणी पितानाही ठसका लागतो. माझ्या आज्जांना तीन वर्षांपूर्वी असा झटका आला. त्यांना पातळ पेज चालत नाही, घट्ट करून द्यावी लागते, कारण राखणदार वेळेवर दार लावत नाही. बोलायला जातात आणि शब्द अर्ध्यावर राहतो. पण आज्जीशी त्यांचं सगळं बोलणं होतं. ती त्यांच्या डोळ्यांकडे बघून ओळखते. म्हणून रामभाऊंच्या आयुष्यातलं हे पान वाचताना मला पुढे सरकायला वेळ लागला.

आयुष्यभर मेहनत करून जे कमावलं होतं तो गळ्यावरचा ताबाच गेला. तरी शिष्यांना शिकवणं त्यांनी जमेल तसं चालू ठेवलं. 1946 च्या जानेवारीत पुण्याला त्यांची षष्ट्यब्दिपूर्ती झाली. त्या समारंभात तेवीस वर्षांचे भीमसेन गायले आणि गुरूंनी समोर बसून ते ऐकलं. 12 सप्टेंबर 1952 रोजी पुण्यातच रामभाऊंचं निधन झालं.

पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, भीमसेन जोशी आणि रामभाऊंचे जावई डॉ. नानासाहेब देशपांडे यांनी पुढाकार घेऊन पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरवली. आर्य संगीत प्रसारक मंडळाने ती चालू ठेवली. तोच आजचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. कुंदगोळलाही नाडगिरांच्या वाड्यात त्यांच्या पुण्यतिथीनिमित्त गाणं होतं. ज्या वाड्यात त्या पोराने पहिल्यांदा मोठं गाणं ऐकलं, तिथेच.

वाचक मित्रमैत्रिणींनो, या सुट्टीत एक करा. आधी सवाई गंधर्वांची एखादी जुनी तबकडी शोधून ऐका. खरखर असेल, आवाज लगेच गोड वाटणार नाही. मग लगेच भीमसेन ऐका आणि त्यानंतर गंगूबाई. दोघांच्याही गाण्यात स्वर हळूहळू वाढवत नेण्याची एक पद्धत कानाला लागेल, घाई न करता, एकेक पायरी चढत जाणारी. ती कुंदगोळची. ऐकून झालं की मंडळाच्या पुढच्या बैठकीत सांगा, कोणाला काय वाटलं. आणि सांगताना आपली बोली, आपला हेल, आपला घोगरा किंवा किनरा आवाज, जो असेल तो घेऊन या.